चप्पल निसटली तरी कळत नाही?

उपासमारीनंतर गेलेला तोल आणि आमच्याकडचे व्यायाम

"कापसावर चालल्यासारखं वाटतं." "तोंड धुताना डोळे मिटले की पुढे झोक जातो." आमच्याकडे येणारे बहुतेकजण असंच काहीतरी सांगतात. कुणी लांबलचक कडक उपास केलेले असतात, कुणाला गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या झालेल्या, कुणी वजनाच्या धास्तीने जेवणच तोडलेलं. पोटात काही नसलं की शरीरातला बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपत येतो. बी-१२ मुळातच कमी असेल, आणि शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा असतं, तर त्याची भर. नसा दुखावतात. मग पाय कुठे, कसा टेकलाय ही खबर मेंदूला नीट पोचत नाही. उजेडात डोळे सांभाळून घेतात. अंधारात तोल जातो.

डॉक्टरांकडे तपासणी आणि उपचार झाल्याशिवाय आम्ही व्यायाम सुरू करत नाही. एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ, अचानक वाढलेला झोक असं काही असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. खाणं बंद होतं हे तिथे आधी सांगा, कारण ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी बी-१ द्यावं लागतं.

आमची पद्धत स्वीडनच्या फिजिओथेरपिस्ट गर्ट्रूड रोक्सेंडाल यांनी विकसित केलेल्या शरीरभान व्यायामांवर आधारलेली आहे. पहिल्या दिवशी पाहणाऱ्याला वाटेल, हे काय, नुसतं उभंच केलंय! अनवाणी, कोपऱ्यात, पाठीशी दोन भिंती, पुढ्यात जड खुर्ची. भार टाचेवरून चवड्यांवर, पुन्हा टाचेवर, अगदी सावकाश. एक पाय गार फरशीवर, दुसरा काथ्याच्या पायपुसण्यावर. फरक जाणवतो का? कुठपर्यंत? बहुतेकांचा श्वास इथे अडकतो, जबडा आवळला जातो. तो सुटला की झोकही थोडा कमी होतो. डोळे मिटायचे ते नंतर, खुर्चीवर हात ठेवून आणि आमच्यापैकी कुणी शेजारी असतानाच. घरी एकट्याने करून पाहू नका.

नस वाढते ती दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर, त्यामुळे हिशेब महिन्यांचा. काहींचा बधिरपणा पूर्ण जात नाही, हेही आधीच सांगतो. उरलेल्या जाणिवेवर तोल सावरायला मात्र शिकता येतं.

येताना रिपोर्ट, सैल पायजमा किंवा सलवार आणि सोबत घरचं कुणीतरी. काहीतरी खाऊन या. आणि आजच, मोरीपर्यंतच्या वाटेवर रात्रीचा दिवा लावा, पायात मागे पट्टा असलेली चप्पल घाला.