भीती सायकलची, बळी मोटारीचे

ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये संसदेत आणलेल्या गुन्हेगारीविषयक विधेयकात सायकलस्वारांसाठी एक नवा गुन्हा घातला: धोकादायकपणे सायकल चालवून कुणाच्या मृत्यूला कारण होणं. शिक्षा जास्तीत जास्त जन्मठेप. त्या देशात सायकलची धडक बसून वर्षाला जेमतेम दोन-चार पादचारी दगावतात. मोटारवाहनांमुळे दगावणाऱ्या पादचाऱ्यांचा आकडा साडेतीनशे-चारशेच्या घरात असतो. तरी त्या काळात वर्तमानपत्रांचे रकाने भरले ते सायकलवाल्यांवर. हा उफराटा हिशेब आजचा नाही. रस्त्यावर भीती कुणाची वाटते आणि माणसं कुणामुळे मरतात, या दोन गोष्टी सायकल जन्मली तेव्हापासून वेगवेगळ्या वाटांनी चालत आल्या आहेत, आणि कायदा बहुतेक वेळा भीतीच्या मागे गेला आहे.

सायकलचा पूर्वज म्हणजे पायडल नसलेलं, पायांनी जमीन मागे रेटत पळवायचं लाकडी दुचाकी यंत्र. कार्ल फॉन ड्राइस यांनी ते १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइममध्ये चालवून दाखवलं. त्या काळचे रस्ते घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनी उखडलेले. त्यात दोन चाकांवर तोल राखणं अवघड, म्हणून स्वार सपाट फुटपाथवर चढले आणि पादचारी वैतागले. थोड्याच वर्षांत जर्मनी, ब्रिटन, अमेरिका आणि थेट कलकत्त्यापर्यंत बंदीचे हुकूम निघाले. रस्ता दुरुस्त करण्यापेक्षा हुकूम काढणं स्वस्त पडतं, हे तेव्हाच्या नगरशासकांनाही ठाऊक असावं.

इंग्लंडमध्ये १८३५ चा हायवे कायदा होता. फुटपाथवर गाडी घालायला आणि रस्त्यावर ती बेफाम हाकायला त्यात मनाई होती, पण तो लिहिला गेला घोडागाड्यांसाठी. सायकल त्यात बसते का? उत्तर लंडनच्या मसवेल हिलवरून सुसाट उतरलेल्या एका सायकलस्वाराच्या खटल्यात, टेलर विरुद्ध गुडविनमध्ये, १८७९ साली न्यायालयाने सायकलला गाड्यांच्या यादीत जमा केलं. १८८८ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झालं. कुणालाही ओलांडून जाताना घंटी किंवा शिट्टी वाजवलीच पाहिजे अशी अटही त्यात होती. शिक्षेच्या निमित्ताने का होईना, सायकलला रस्त्यावर कायदेशीर जागा मिळाली. त्याच दशकात सायकलस्वारांच्या संघटना डोंगरउतारांवर ‘सावधान’ अशा पाट्या स्वतःच्या खर्चाने लावत होत्या.

अमेरिकेत १८९०च्या दशकात भरधाव सायकलवाला हा शहरातला खलनायक होता. न्यूयॉर्कचे तेव्हाचे पोलीस आयुक्त थिओडोर रूझवेल्ट (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले) यांनी त्याला आवरायला १८९५ मध्ये सायकलवर बसणाऱ्या पोलिसांचं पथक काढलं. याच दलातल्या सायकलस्वार शिपायाने मे १८९९ मध्ये लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर ताशी १२ मैलांनी जाणारी विजेवरची टॅक्सी पाठलाग करून अडवली आणि चालकाला अटक केली. वेगाची भीती एका वाहनावरून दुसऱ्यावर सरकत होती. ती दुसऱ्यावर टिकायला मात्र हवी होती, तेवढी टिकली नाही.

का टिकली नाही, याचा माग ब्रिटनमध्ये नीट लागतो. १८६५ च्या कायद्याने यंत्राच्या गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवला होता. गावात वेगमर्यादा ताशी २ मैल, बाहेर ४. १७ ऑगस्ट १८९६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई प्रात्यक्षिकाच्या मोटारीखाली सापडून मेली. ब्रिटनमधला मोटारीने झालेला पादचाऱ्याचा हा पहिला मृत्यू मानला जातो. गाडी आगीच्या बंबासारखी आली, असं एका साक्षीदाराने सांगितलं. चालक म्हणाला, आपण ताशी ४ मैलांनी चाललो होतो. ज्यूरीने अपघाती मृत्यू ठरवला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर नेणारा कायदा लागू झाला. १९०३ मध्ये ती २० झाली, १९३० मध्ये मोटारींसाठी काढूनच टाकली.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. आज कितीतरी पट जास्त गाड्या असूनही तिथला आकडा दोन हजारांच्या आत असतो, यावरून तेव्हाची कत्तल कळावी. परिवहनमंत्री लेस्ली होर-बेलीशा यांनी वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा परत आणली, वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी परीक्षा सक्तीची केली आणि डिसेंबर १९३४ मध्ये पश्चिम लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूला देशातला पहिला सायकल ट्रॅक उघडला. त्या ट्रॅकला सर्वांत मोठा विरोध झाला तो सायकलस्वारांच्या संघटनेचा. आज वेगळी वाट देताहेत, उद्या म्हणतील आता रस्त्यावर येऊ नका, ही त्यांची धास्ती. ती अगदीच खोटी नव्हती. ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी’ म्हणून एखाद्याला बाजूला काढलं की रस्ता मुळात कुणाचा, हा प्रश्न आपोआप निकालात निघतो.

अमेरिकेत तो आणखी उघडपणे निकालात निघाला. सिनसिनाटीत १९२३ मध्ये मोटारींना ताशी २५ मैलांवर धावू न देणारं यंत्र सक्तीने बसवा, अशी मागणी हजारो नागरिकांनी सह्या करून मतदानापर्यंत नेली. मोटार व्यावसायिकांनी जंगी प्रचार करून ती पाडली. दोनच वर्षांनी लॉस एंजेलिसने रस्ता कुठूनही ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा नियम केला. दोषाची दिशा तेव्हा फिरली.

पुढची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. मोटारीने माणूस मारला तर ब्रिटनमध्ये सदोष मनुष्यवधाचा खटला भरायचे, पण ज्यूरी दोषी ठरवायला तयार होत नसे. ज्यूरीतले लोक स्वतः गाडी चालवायचे. आज तो आरोपीच्या पिंजऱ्यात आहे, उद्या मी असू शकतो. म्हणून १९५६ मध्ये ‘धोकादायक वाहनचालनाने मृत्यू’ असा वेगळा, नावाने सौम्य गुन्हा तयार झाला. ही सहानुभूती फक्त यंत्राच्या वाहनांपुरती होती. सायकल जुन्या कायद्यातच राहिली. २०१६ मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या सायकलने एका महिलेचा जीव गेला, तेव्हा त्या तरुणावर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला. त्यातून तो सुटला, पण घोडागाड्यांच्या काळातल्या १८६१ च्या ‘बेफाम हाकणे’ या कलमाखाली त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. २०२२ मध्ये रीजंट्स पार्कमध्ये वेगाने चाललेल्या सायकलस्वारांच्या गटातल्या एकाची धडक बसून एक वृद्धा दगावली. तिथली ताशी २० मैलांची मर्यादा सायकलला लागूच नसल्याने खटला उभा राहिला नाही. नव्या कायद्याची मागणी या दोन मृत्यूंतून आली, आणि मृतांच्या नातलगांचा राग समजण्यासारखा आहे. कायद्यात फट होतीच. फक्त ती फट पडली कशी, ते १९५६ कडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग सायकलचीच भीती एवढी का वाटते? एक कारण अंतराचं. मोटार फुटपाथच्या कडेपलीकडून जाते, तिचा आवाज आधी येतो, ती कुठून येणार हे ठरलेलं असतं. सायकल बागेत, पुलावर, फुटपाथवर, अगदी कोपराला घासून जाते आणि तिला आवाज नसतो. दचकणं सायकलमुळे जास्त घडतं, मरण मोटारीमुळे. हिशेब पाहा: स्वारासकट ९० किलोची सायकल ताशी १८ किलोमीटरने जाताना तिच्यात सुमारे ११०० ज्यूल ऊर्जा असते. १२०० किलोची कार ताशी ३६ किलोमीटरने जाताना ६०,००० ज्यूल. पन्नास पटींहून जास्त. दचकलेल्या माणसाला ज्यूल दिसत नाहीत. दुसरं कारण सवयीचं. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ इयान वॉकर यांच्या २०२३ च्या पाहणीत, गर्दीच्या ठिकाणी इतरांच्या नाकात धूर जाईल असं सिगारेट ओढणं चूक, असं ७५ टक्के लोक म्हणाले. सिगारेटच्या जागी मोटार घातली, तर फक्त १७ टक्के. याच वॉकर यांनी २००६ मध्ये स्वतः सायकल चालवत सुमारे अडीच हजार वाहनांची अंतरं मोजली होती. हेल्मेट घातलेलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर जवळून गेल्या, लांब केसांचा टोप घातल्यावर जास्त अंतर राखून. त्या आकड्यांवर पुढे इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आणि तो वाद मिटलेला नाही. मोजणी चालू असताना वॉकर यांना बस आणि ट्रकची धडक बसली, एवढं मात्र निर्विवाद.

भीतीचा उलटा उपयोग करता येईल, असं मानणारा एक माणूस नेदरलँड्समध्ये होऊन गेला. वाहतूक अभियंता हान्स मॉन्डरमन (१९४५–२००८) याने सिग्नल, पाट्या, पट्टे, फुटपाथच्या कडा काढून टाकल्या आणि सगळ्यांना एकाच जागेत सोडलं. आपला हक्क ठरलेला नसला की चालक डोळे वर करून समोरच्याकडे बघतो, हा त्याचा सिद्धांत. द्राख्तन गावातल्या रोज वीसेक हजार वाहनांच्या चौकात तो यशस्वी ठरला. पत्रकारांसमोर तो पाठमोरा चालत वाहतुकीत शिरायचा. लंडनच्या एक्झिबिशन रोडसह ब्रिटनमध्ये त्याच्या नकला झाल्या. पण नजरेला नजर भिडवून रस्ता ओलांडायचा, तर ज्याला दिसतच नाही त्याने काय करायचं? अंध व्यक्तींच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला आणि २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने अशा नव्या योजना थांबवायला सांगितल्या.

मॉन्डरमनचे प्रयोग जिथे रुजले, त्या भूमीची मशागत आधी झाली होती हे नकलाकार विसरले. नेदरलँड्समध्ये १९७१ मध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या मथळ्याखाली लेख लिहिला आणि तेच आंदोलनाचं नाव झालं. ‘अपघात’ म्हणायचं नाही, ‘हत्या’ म्हणायचं, हा त्यांचा आग्रह. रस्ते अडवले गेले, पंतप्रधानांच्या घरासमोर गाणी झाली. सायकलच्या वेगळ्या वाटा, वस्तीत मोटारीने पायी चालीच्या वेगाने जायचं बंधन, आणि सायकलस्वाराशी धडक झाली तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्याची हा नियम, असं सगळं त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत आलं.

आपल्याकडचा कायदा यापेक्षा फार मागे आहे असं समजू नये. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम २७९ कोणतंही वाहन बेदरकारपणे हाकणाऱ्याला लागू होतं: बैलगाडी, सायकल, ट्रक, सगळे एका रांगेत. आता न्याय संहितेत ते कलम २८१ आहे. ब्रिटनमधली फट इथे पडलीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे चूक सिद्ध न करताही मृताच्या वारसांना वाहनमालक किंवा विमा कंपनीकडून ५ लाख रुपये मिळू शकतात. रस्त्यावरचा लोकन्याय तर याच्याही पुढे आहे: चूक कुणाचीही असो, धरायचं मोठ्या गाडीवाल्याला. त्यामुळे चालकाची भीती इथे वेगळीच असते, जमावाची. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालक संपावर गेले. थांबलो तर लोक मारतील, असं ते सांगत होते. ती तरतूद अंमलात आणणं सरकारने लांबणीवर टाकलं.

पण कायद्यात एका रांगेत असलेले रस्त्यावर तसे नसतात. कोलकाता पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी केली. कारण सायकलने कुणी मेलं हे नव्हतं, मोटारींचा वेग मंदावतो हे होतं. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली, त्यांत ३२,८२५ पादचारी.

पुण्यात सायकलींचं राज्य होतं तेव्हा पोलिसाच्या शिट्टीचा धनीही सायकलवालाच होता. डबलसीट, रात्री दिवा नाही, सायकलकराचा बिल्ला नाही, असे त्याचे गुन्हे. १९७२ साली आकुर्डीच्या बजाजची चेतक आणि फिरोदियांच्या कायनेटिकची लुना बाजारात आली, म्हणजे सायकलला हटवणारी वाहनं पुण्याने स्वतःच घडवली. स्कूटरची भीती वाटून सायकल सोडायची आणि स्कूटर घ्यायची, असं घरोघर झालं. मुलाला सायकलवर एकटं पाठवणं धोक्याचं म्हणून आई-बाबा दुचाकीवर सोडायला जातात, आणि शाळेच्या फाटकाशी त्याच दुचाक्यांची इतकी दाटी होते की सायकलवर येणारं मूल खरोखरच धोक्यात येतं.

२००६ च्या डिसेंबरात कात्रज ते हडपसर बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) सुरू झाली, तिच्याबरोबर सायकल ट्रॅकही आले, पण सलग नव्हेत. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सायकल आराखडा मंजूर केला आणि भाड्याच्या रंगीत सायकली रस्त्यावर आल्या. काही तुटल्या, काही चोरीला गेल्या, मग कंपन्यांनी गाशा गुंडाळला. जंगली महाराज रस्त्यासारख्या ठिकाणी ट्रॅक आता फुटपाथला लागूनच आहे. संध्याकाळी तिथे पायी फिरणारे सायकलवाल्यावर ओरडतात, सायकलवाला घंटी वाजवत राहतो, आणि सिग्नल चुकवायला फुटपाथवर चढलेली दुचाकी दोघांच्या मधून निघून जाते.