मधला मुक्काम

२००७ साली न्यूझीलंडमध्ये एका मादी पक्ष्याच्या अंगात छोटा उपग्रह-ट्रान्समीटर बसवला गेला. पायातल्या पट्टीवर ‘ई७’ लिहिलेलं, म्हणून तिचं नावही तेच पडलं. जात बार-टेल्ड गॉडविट, म्हणजे पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा. मार्चमध्ये ती उडाली ती दहा हजार किलोमीटर कुठेही न टेकता थेट चीन आणि उत्तर कोरियाच्या सीमेवर, यालू नदीच्या मुखाशी उतरली. तिथून काही आठवड्यांनी अलास्का. ऑगस्टअखेर प्रशांत महासागर ओलांडून ती परत न्यूझीलंडला आली: साडेअकरा हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, आठेक दिवसांत, एका दमात.

निघताना या पक्ष्याच्या वजनात जवळपास निम्मी चरबीच असते. ओझं नको म्हणून जठर, आतडी, यकृतसुद्धा आक्रसतात. त्यामुळे यालूच्या चिखलात उतरतो तो एक रिकामा झालेला जीव. आधी पचनसंस्था पूर्ववत करायची, मग पुन्हा चरबी भरायची. आणि हे सगळं पिवळ्या समुद्राच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या शिंपल्या-किड्यांवर. न्यूझीलंडने आणि अलास्काने कितीही जपलं, तरी हा चिखल गेला की सगळं मुसळ केरात.

तसं घडलंही. २००६ मध्ये याच समुद्राच्या काठी, दक्षिण कोरियात, साएमांगुमच्या ३३ किलोमीटर लांब बांधातली शेवटची फट बुजली आणि आतली भरती-ओहोटी थांबली. ग्रेट नॉट हा पक्षी तिथे मोठ्या संख्येने थांबायचा. तो शेजारच्या खाड्यांत जाईल अशी आशा होती. पण शेजारी तो तितका वाढला नाही, आणि जिथून तो येतो त्या ऑस्ट्रेलियातल्या मोजणीत घटला. नुसती कोरियाची मोजणीची वही पाहिली असती, तर पक्षी जागा बदलून गेले असंच वाटलं असतं. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर कळलं की ते उरलेच नव्हते.

मला तर देशादेशांतल्या सहकार्याचा खरा अर्थ या वह्यांमध्येच दिसतो. करार आहेतच: १९७१ चा पाणथळींसाठीचा रामसर, १९७९ चा स्थलांतरित प्राण्यांसाठीचा बॉन. पण करारावरची सही बांध अडवत नाही. चीनने २०१८ मध्ये किनाऱ्यावर भराव घालण्यावर कडक बंधनं आणली, २०१९ मध्ये तिथल्या काही दलदली जागतिक वारसा यादीत गेल्या, २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्याही. त्यामागे वर्षानुवर्षांची मोजदाद होती.

२०१८ मध्ये उत्तर कोरियाही रामसरमध्ये सामील झाला. त्याआधीच न्यूझीलंडचे पक्षीनिरीक्षक तिथल्या किनाऱ्यावर, स्थानिकांच्या जोडीने, दुर्बिणीला डोळा लावून पाणटिवळे मोजत होते.