अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळायचंय? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रांची तयारी नववीपासून

२०२५ साली फ्लोरिडा विद्यापीठाने ह्यूस्टनला ६५-६३ असं हरवून एनसीएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेचं, बास्केटबॉल विजेतेपद मिळवलं. त्या संघातला वॉल्टर क्लेटन ज्युनिअर आधी आयोना विद्यापीठात होता, अलिजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमध्ये, विल रिचर्ड बेलमाँटमध्ये आणि नायजेरियाचा रुबेन चिन्येलू वॉशिंग्टन स्टेटमध्ये. मोठे प्रशिक्षक हल्ली असे दुसरीकडे तयार झालेले खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, उचलतात. परड्यू विद्यापीठाचा झॅक एडी हे उलटं उदाहरण. शाळेत असताना त्याला फारसं कुणी मोजत नव्हतं, परड्यूने त्याला घडवलं आणि तो सलग दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण तेवढा धीर आता कमी जणांकडे आहे. त्यातच जुलै २०२५ पासून, खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या न्यायालयीन समझोत्यात सामील झालेल्या विद्यापीठांना बास्केटबॉल संघात १५ खेळाडूंचीच मर्यादा आहे. कागदपत्रांत अडकलेल्या परदेशी मुलासाठी कुणी जागा अडवून ठेवत नाही.

म्हणून पालकांना माझं सांगणं असं, की उंची आणि नेमबाजी बघायला प्रशिक्षक आहेत, फाइल मात्र तुम्हालाच बघायची आहे.

अभ्यासाची अट

एनसीएएत विद्यापीठांचे तीन स्तर आहेत, डिव्हिजन १ सर्वांत वरचा. डिव्हिजन १ आणि २ साठी एनसीएएच्या पात्रता केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. नववी ते बारावीत मिळून १६ मुख्य विषय-वर्षं (एक विषय वर्षभर शिकला की एक) पूर्ण व्हायला हवीत. डिव्हिजन १ साठी त्यांची विभागणी अशी: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, या तिन्हींपैकी आणखी १, सामाजिक शास्त्र २ आणि इतर मान्य विषय ४. या विषयांतल्या गुणांची सरासरी ४ पैकी किमान २.३ हवी, डिव्हिजन २ साठी २.२. आपले टक्के या मापात बसवण्याचं काम केंद्र करतं. एजंटने काढून दिलेल्या आकड्यावर विसंबू नका. सॅट किंवा एसीटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षांची अट केंद्राने २०२३ मध्ये काढली, पण एखादं विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी ती परीक्षा मागू शकतं.

आपली मुलं दोन ठिकाणी अडकतात. दहावीनंतर ‘सरावाला वेळ मिळेल’ म्हणून आर्ट्सला जायचं आणि गणित सोडायचं, हे पहिलं. अकरावीचा फॉर्म भरण्याआधी वरची विभागणी समोर ठेवा. दुसरं म्हणजे वेळ. डिव्हिजन १ साठी नववीपासून चार वर्षांचाच हिशेब धरतात. बारावीला एखादा विषय राहिला आणि पुढच्या वर्षी सुटला, तर तो सहसा कामी येत नाही. बारावीनंतर वर्ष-दोन वर्षं क्लबकडून स्पर्धा खेळत राहिल्यास खेळायचे हंगामही कमी होऊ शकतात.

कागदपत्रे

नववीपासूनच्या प्रत्येक इयत्तेचा निकाल लागतो. बोर्डाची दहावी-बारावीची मार्कशीट सगळेच जपतात, नववीचं प्रगतिपुस्तक मात्र रद्दीत गेलेलं असतं. शाळेकडून त्याची सही-शिक्क्याची प्रत आजच घ्या. ते मराठीत असेल तर ओळीला ओळ असं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा, मूळ प्रतीसह. उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट हेही लागतात. आपल्या बोर्डात आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. शब्द तेच असतील तर चालून जातं, पण स्पेलिंग वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

हौशीपणाची प्रश्नावलीही भरावी लागते: कोणत्या संघांकडून खेळलात, करार केला का, एजंट होता का, बक्षिसाची रक्कम घेतली का. काहीही दडवू नका. स्पर्धेचे निकाल आणि फोटो इंटरनेटवर असतातच.

अर्जाचा क्रम

आधी केंद्राच्या संकेतस्थळावर खातं उघडून ओळख क्रमांक घ्यायचा आणि तो प्रशिक्षकांना पाठवायच्या ईमेलमध्ये लिहायचा. सोबत डंकचे तुकडे नकोत, पूर्ण सामन्याचं चित्रीकरण द्या. बचावात मुलगा कुठे उभा राहतो ते त्यातच दिसतं. एखाद्या विद्यापीठाने तुमचं नाव आपल्या यादीत टाकल्याशिवाय केंद्र अंतिम निर्णय देत नाही, त्यामुळे केंद्राचे पैसे भरले म्हणजे पात्र झालो असं समजू नका. शिष्यवृत्तीची बोली लेखीच घ्या. खेळाडू आणि विद्यापीठ यांना बांधून घेणारं पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट २०२४ मध्ये बंद झालं, आता आर्थिक मदतीच्या करारावर सही होते.

विद्यापीठाचा प्रवेश वेगळा. तिथून आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आला की सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर, डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. संघातल्या अमेरिकी खेळाडूंना आता विद्यापीठाकडून थेट पैसे मिळू शकतात, पण एफ-१ वर कमाईला कडक मर्यादा आहेत. कुठल्याही जाहिरातीच्या करारावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

आपल्याकडची हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात आणि अमान संधू मॉनमाउथमध्ये पोहोचले, ते डिव्हिजन १ मध्ये. डिव्हिजन २, एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी खेळ संघटना) आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं इथेही शिष्यवृत्त्या असतात. डिव्हिजन ३ आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल यांसारखी आठ विद्यापीठं) खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, गरजेनुसार मदत मिळते. एनएआयएचं पात्रता केंद्र स्वतंत्र आहे, तिथे वेगळा अर्ज करावा लागतो.