पिस्तूलबंदी व नागरी गुन्हेगारी

पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांसारखी एका हाताने चालवता येणारी आणि कपड्यांत लपवता येणारी अग्निशस्त्रे नागरिकांनी बाळगण्यावर घातलेली पूर्ण अथवा जवळजवळ पूर्ण बंदी, आणि तिचा शहरांतील खून, दरोडा, खंडणी इत्यादी हिंसक गुन्ह्यांवर होणारा परिणाम. बंदी म्हणजे ब्रिटनप्रमाणे खाजगी मालकीच संपवणे, वॉशिंग्टनप्रमाणे नवी नोंदणी थांबवणे किंवा भारताप्रमाणे परवाना अत्यंत दुर्मीळ करणे. मुंबई तिसऱ्या प्रकारात मोडते.

भारतातील निर्बंधांचे मूळ गुन्हेगारीत नसून राजकारणात आहे. १८५७ च्या उठावानंतर सुरू झालेले निःशस्त्रीकरण लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ च्या कायद्याने पक्के झाले. त्यात युरोपियनांना सूट होती व एतद्देशीयांना परवान्याची सक्ती होती. सध्याचा शस्त्र अधिनियम १९५९ चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आहे. त्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे.

बंदीच्या परिणामाविषयी सर्वाधिक वाद वॉशिंग्टन शहरावरून झाला आहे. तेथे १९७६ मध्ये नव्या पिस्तुलांची नोंदणी थांबली. आधी नोंदलेली शस्त्रे मालकांकडेच राहिली, म्हणजे ही बंदी साठा घटवणारी नसून त्याची वाढ रोखणारी होती. गुन्हेशास्त्रज्ञ कॉलिन लॉफ्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते १९८७ या काळातील आकडे तपासून १९९१ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, कायद्यानंतर बंदुकीने होणारे खून सुमारे २५ टक्क्यांनी व बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या सुमारे २३ टक्क्यांनी घटल्या, तर अन्य साधनांनी झालेल्या खुनांत किंवा लगतच्या मेरिलँड व व्हर्जिनियातील भागांत तशी घट नव्हती. १९९६ मध्ये ब्रिट, क्लेक व बॉर्डुआ या संशोधकांनी यावर आक्षेप घेतला. तुलनेसाठी उपनगरांऐवजी सामाजिक रचनेने जवळचे बॉल्टिमोर घेतल्यास, असा कायदा नसतानाही तेथे तशीच घट दिसते, आणि कालखंड थोडा पुढे वाढवल्यास परिणाम विरतो, असे त्यांचे म्हणणे होते. यांपैकी बॉल्टिमोरचा आक्षेप वजनदार आहे. कालखंडाविषयीचा आक्षेप मात्र तितका ग्राह्य वाटत नाही, कारण १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्रॅक कोकेनच्या व्यापारातून जी टोळीयुद्धे पेटली त्यांचे माप आधीच्या कायद्याच्या पदरात घालणे योग्य नव्हे. ही बंदी २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. शिकागोची १९८२ ची बंदीही २०१० च्या निर्णयानंतर टिकली नाही.

स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील शाळेत १९९६ मध्ये १६ मुले व त्यांची शिक्षिका मारली गेल्यावर ब्रिटनने १९९७ मध्ये पिस्तुले जवळजवळ पूर्णपणे बंद केली. नंतरची काही वर्षे पिस्तुलांचे नोंदलेले गुन्हे वाढले व पुढे उतरले. पण मधल्या काळात गुन्हे नोंदवण्याची पद्धतही बदलली होती. कोलंबियातील काली व बोगोटा या शहरांत १९९० च्या दशकात पगारानंतरचे शनिवार-रविवार व सणांच्या दिवशी शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी केली जाई. त्या काळात खुनांचे प्रमाण अनुक्रमे १४ व १३ टक्क्यांनी कमी आढळले. याउलट जमैकाने १९७४ मध्ये शस्त्रगुन्ह्यांसाठी खास न्यायालय व कठोर शिक्षा आणूनही किंग्स्टनमधील हिंसा पुढील दशकांत वाढली.

मुंबईचे उदाहरण या चर्चेत क्वचितच येते, वस्तुतः ते फार बोलके आहे. १९७० च्या सुमारापर्यंत शहरातील हल्ले मुख्यतः रामपुरी चाकू, तलवार, गुप्ती यांनी होत. परळचे आमदार कृष्णा देसाई यांची ५ जून १९७० रोजी झालेली हत्याही धारदार शस्त्रांनीच झाली. पिस्तुलांचा काळ नेमका केव्हा सुरू झाला याविषयी एकमत नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये प्रभादेवी येथे झालेला दाऊद इब्राहिमचा भाऊ साबीर कासकर याचा खून हा आरंभबिंदू मानण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या मतानुसार सोन्याच्या तस्करीबरोबर शस्त्रे आधीच आली होती. शस्त्रे आधी व त्यांचा सर्रास वापर नंतर, असा क्रम अधिक संभाव्य दिसतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळमधील बेकार तरुण टोळ्यांना मिळाले, हेही कारण अभ्यासक देतात. सप्टेंबर १९९२ मध्ये जे. जे. रुग्णालयातील गोळीबारात स्वयंचलित रायफली वापरल्या गेल्या. १९९७ मध्ये कामगार नेते दत्ता सामंत व चित्रपट-संगीत व्यावसायिक गुलशन कुमार यांचे भरदिवसा गोळ्या घालून खून झाले. १९९९ च्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यानंतर टोळीयुद्ध ओसरले. या चढउताराच्या संपूर्ण काळात शस्त्र अधिनियम मूलतः तोच होता. न्यूयॉर्कमध्येही १९११ पासून कडक परवाना-पद्धती असताना १९९० मध्ये २,२०० हून अधिक आणि २०१७ मध्ये ३०० हून कमी खून झाले.

यावरून बंदी निरुपयोगी ठरत नाही. अमेरिकी अभ्यासक फ्रँकलिन झिमरिंग यांनी १९६८ मध्ये शिकागोतील हल्ल्यांची तुलना करून दाखवले की, बंदुकीचा हल्ला चाकूच्या हल्ल्यापेक्षा सुमारे पाचपट प्राणघातक असतो. चाळीतले वा झोपडपट्टीतले पाण्यावरून जुंपलेले भांडण मुंबईत बहुधा काठी किंवा चाकूवर थांबते आणि जखमी माणूस केईएम वा शीव रुग्णालयात वाचू शकतो, हे शस्त्राच्या दुर्मीळतेचे फळ मानण्यास जागा आहे. बंदीचा लाभ हल्ल्यांच्या संख्येपेक्षा त्यांतील मृत्यूंत शोधावा, हे मत म्हणून अधिक पटते.

टोळ्यांचा पुरवठा परवान्याच्या बाहेरचा आहे. देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतांश शस्त्रे विनापरवाना असतात. गावठी कट्टे मुख्यतः बिहारमधील मुंगेर आणि मध्य प्रदेशातील बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूर या सातपुड्यालगतच्या भागांतून येतात, आणि तेथे मुंबईच्या आयुक्तांचा अधिकार चालत नाही. कट्ट्याची नळी अनेकदा आतून गुळगुळीत असते. त्यामुळे गोळीवर आट्यांच्या (नळीतील पीळदार खाचांच्या) खुणा उमटत नाहीत व कलिना येथील न्यायसहायक प्रयोगशाळेत ती विशिष्ट शस्त्राशी जुळवणे अवघड होते. त्यावर कारखान्याचा क्रमांकही नसतो, म्हणून पकडलेल्या शस्त्रावरून पहिल्या विक्रेत्यापर्यंतचा माग बहुधा आरोपीच्या जबानीवरच काढावा लागतो.