गुबगुबीत 'बालू'

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मध्यंतरी एक कागद चिकटला होता. गुबगुबीत अक्षरं, कडा लाडवासारख्या गोल. चष्मा घरी विसरलेल्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुणाचं बारसं आहे गं?" मजकूर होता, 'उद्या पाणी येणार नाही.'

हा फॉन्ट म्हणजे 'बालू'. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेला, कुणालाही फुकट वापरता येणारा. देवनागरीखेरीज इतर भारतीय लिप्यांतही त्याची भावंडं आहेत आणि नावं झकास: गुजरातीत 'बालू भाई', बंगालीत 'बालू दा', गुरुमुखीत 'बालू पाजी', मल्याळममध्ये 'बालू चेट्टन'.

काकूंना बारसंच का आठवलं? मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी 1929 मध्ये, आणि पुढे 2001 मध्ये रामचंद्रन व हबर्ड यांनी, लोकांना दोन आकृत्या दाखवून नावं जुळवायला सांगितली. रामचंद्रन-हबर्ड यांनी आकृत्यांसाठी दिलेली नावं होती 'बूबा' आणि 'किकी'. बहुतेकांनी गोलसर आकृतीला बूबा म्हटलं, टोकदार आकृतीला किकी. आकार आणि आवाज यांची सांगड आपण नकळत घालतो. काकूंनीही गोल अक्षरांची सांगड अशीच बाळाशी घातली असावी. मराठीतले 'गुबगुबीत' आणि 'काटकुळा' हे शब्द मोठ्याने म्हणून बघा.

गोलपणा सोपा वाटतो, पण तिढा आहे जाडीचा. एक जाड मार्कर घ्या आणि नखाएवढ्या चौकोनात 'कृष्ण' लिहा. 'क'च्या पोटातली पोकळी आधी बुजते, मग 'ष्ण'चा गोळा होतो. रोमन अक्षराला निदान वर-खाली मोकळी जागा असते. आपल्याकडे डोक्यावर शिरोरेषा, त्यावर मात्रा, पायाशी उकार. म्हणून जाड फॉन्ट काढणारा जिथे दोन रेघा भेटतात तिथे त्या गुपचूप बारीक करतो. एवढंच नाही, आडवी आणि उभी रेघ मोजून सारख्या जाडीच्या काढल्या तर डोळ्याला आडवी जास्त जाड दिसते. तीही थोडी खरवडावी लागते. डोळ्याला 'सारखं' दिसावं म्हणून मुद्दाम असमान काढायचं. मला या कामातली हीच लबाडी सगळ्यात आवडते.

आणखी एक गंमत. तिरका कापलेला बोरू हात वळेल तसा जाड-बारीक उमटतो. गोल टोकाचा मार्कर कुठेही वळवा, जाडी तीच. खेळकर फॉन्टमध्ये तो मार्करवाला हात दिसतो, बोरूवाला नाही. म्हणून अक्षरं शास्त्रीबुवांची न वाटता बालवाडीतल्या बाईंची वाटतात.

बालपुस्तकाचं मुखपृष्ठ, खाऊचं पाकीट, दुकानाची पाटी, इथे तो शोभतो. याच जाड अक्षरांत कादंबरी छापली, तर तिसऱ्या पानावर डोळे संप करतील.

आमच्या सोसायटीच्या नोटिसा अजून त्याच फॉन्टमध्ये येतात. काकू हल्ली गोल अक्षरं दिसली की न वाचताच बादल्या भरून ठेवतात.