जुगार, गेमिंग आणि ‘व्यसन’ या शब्दाचा गुंता

जुन्या स्मृतिग्रंथांत राजाने टाळायच्या व्यसनांची यादी आहे. तीत मद्यपान आणि द्यूत शेजारी-शेजारी येतात. शिकार आणि दिवसाची झोपही त्याच रांगेत. तिथे व्यसन म्हणजे राजाला बुडवणारा दोष. आधुनिक वैद्यकाने दारूला आजार मानले, पण द्यूताला तिच्या शेजारी पुन्हा बसवायला २०१३ साल उजाडले.

मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत (डीएसएम) जुगाराला पहिल्यांदा जागा मिळाली ती १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत, पण आवेगावर ताबा नसण्याच्या विकारांत. म्हणजे सोबतीला चोरीची आणि आगी लावण्याची अनावर ऊर्मी. १९८७ मध्ये त्याचे निकष दारूच्या निकषांवर बेतून नव्याने लिहिले गेले, पुस्तिकेतले प्रकरण मात्र तेच राहिले. लक्षणे एका घरची आणि पत्ता दुसऱ्या घरचा, अशी ही अवस्था पुढे पाव शतक टिकली.

याचे एक मोठे कारण शब्दांत आहे. ‘अ‍ॅडिक्शन’ हा शब्द माणसावर शिक्का मारतो, म्हणून तज्ज्ञांना तो नकोसा झाला होता. १९६४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने त्याऐवजी ‘डिपेंडन्स’, म्हणजे अवलंबित्व, हा शब्द सुचवला. १९८७ मध्ये अमेरिकी पुस्तिकेनेही तोच पक्का केला. हेतू चांगला होता, पण त्याची किंमत रुग्णांनी मोजली. असह्य दुखण्यासाठी डॉक्टरांनीच दिलेले मॉर्फिन एखादा रुग्ण महिनोन्‌महिने नेमाने घेतो. ते अचानक थांबवले की त्याला घाम फुटतो, हातपाय दुखतात, जुलाब लागतात. शरीराला औषधाची सवय झाली, एवढाच त्याचा अर्थ. तो औषधासाठी खोटे बोलत नाही की घरदार विकत नाही. तरी कागदावर ‘डिपेंडन्स’ लिहिले की तो व्यसनी ठरायचा आणि त्याच्या वेदनाशामकावर गदा यायची. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत दुखरी चूक हीच. शिवाय, अवलंबित्व म्हटले की मन शरीराकडेच जाते. मग जुगाऱ्याला तिथे जागा कशी मिळणार?

२०१३ च्या पाचव्या आवृत्तीने निदानाच्या नावातून ‘डिपेंडन्स’ काढला आणि जुगार अमली पदार्थांच्या प्रकरणात आणला. जुगाराच्या निदानातून बेकायदा कृत्यांचा निकष वगळला गेला. दहापैकी पाचऐवजी आता नऊपैकी चार लक्षणे पुरेशी झाली. ऑनलाइन गेमिंगला मात्र ‘आणखी अभ्यास हवा’ म्हणून पुस्तिकेच्या मागच्या भागात ठेवले आणि त्यासाठी नऊ निकष सुचवले.

या नऊ निकषांवरचा वाद अजून मिटलेला नाही आणि तो रास्त आहे. दारूड्याला कालच्या एका पेगचा परिणाम आज दोन पेगांतून मिळतो. याला सहनशीलता वाढणे म्हणतात. गेम खेळणाऱ्याचे तास वाढतात ते कधी याच ओढीने, तर कधी पुढची पातळीच जास्त वेळ मागते म्हणून. ‘मनात सतत तेच घोळणे’ हा निकष लावला तर स्पर्धेची तयारी करणारा बुद्धिबळपटूही त्यात सापडेल.

२०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाने (आयसीडी-११) यातून वाट काढली, ती मला अधिक पटते. सहनशीलता आणि सोडताना होणारा त्रास हे निकष तिथे अनिवार्य नाहीत. ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होत जाणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, या तीन गोष्टी पाहायच्या. त्यापायी घर, शिक्षण किंवा काम ठळकपणे कोलमडलेले असावे आणि हे साधारण बारा महिने चाललेले असावे. नुसते तास मोजून निदान होत नाही. मुलाच्या हातातला मोबाइल पाहून धास्तावलेल्या पालकांना हे सांगायलाच हवे. धोक्याच्या पातळीवरच्या गेमिंगसाठी वेगळी नोंद आहे, पण तिला आजार म्हटलेले नाही.

याच वर्गीकरणात जुगार आणि गेमिंग व्यसनी वर्तनाच्या गटात आले, तर अनावर लैंगिक वर्तन आवेगाच्या विकारांतच राहिले. खरेदीच्या अनावर ओढीला आणि समाजमाध्यमांच्या अतिवापराला स्वतंत्र निदान म्हणून अजून जागा नाही.