कर्ट शिलिंगने कमावले किती आणि त्याच्याकडे उरले किती?

निवृत्त खेळाडूचं नाव इंटरनेटवर शोधलं की दोन आकडे हमखास भेटतात. एक 'कारकिर्दीतली कमाई' आणि दुसरा 'एकूण संपत्ती'. पुष्कळ लेखांत ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले असतात. कमाई वाचून वाचणारा मनाशी ठरवतो, की एवढा पैसा या माणसाच्या बँकेत पडून आहे. हा गैरसमज दूर करायला अमेरिकन बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, कर्ट शिलिंग याच्याइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. त्याची कमाई साधारण ११ कोटी ४० लाख डॉलर. आणि वयाच्या पंचेचाळिशीत त्यानेच रेडिओवर सांगितलं, की बेसबॉलमधून मिळवून साठवलेला पैसा बहुधा सगळा गेला.

आधी कमाईचा आकडा बघू, कारण तो बऱ्यापैकी पक्का असतो. मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक स्पर्धेत खेळाडूंची संघटना बलदंड आहे आणि कोणाचा करार किती वर्षांचा, किती रकमेचा, हे वर्तमानपत्रांत छापून येतं. त्या रकमा वर्षावर्षाने मिळवल्या की कारकिर्दीची कमाई निघते. ती संथ सुरू होते. पहिली साधारण तीन वर्षं खेळाडूला किमान पगाराच्या आसपास खेळावं लागतं. शिलिंग १९८८ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सकडून पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा हा किमान पगार वर्षाला ६२,५०० डॉलर होता. पुढची तीन वर्षं पगार लवादाकडून ठरवून घेता येतो. सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू मोकळा होतो आणि बाजारात आपला भाव करू शकतो. म्हणून कमाईचा मोठा वाटा तिशीनंतरच्या वर्षांत गोळा होतो, तोही तोवर खांदा शाबूत राहिला तर.

शिलिंगचा राहिला, पण जेमतेम. ओरिओल्सने त्याला ह्यूस्टनला दिला आणि ह्यूस्टनने १९९२ मध्ये फिलाडेल्फियाला. तिथे तो घडला. १९९७ मध्ये ३१९ आणि १९९८ मध्ये ३०० फलंदाज त्याने 'स्ट्राइक आउट' केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. २००० मध्ये तो ॲरिझोना डायमंडबॅक्सकडे गेला आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू हा किताब त्याला रँडी जॉन्सनबरोबर विभागून मिळाला. एकूण २१६ विजय आणि ३,११६ स्ट्राइक आउट. पिचरचा सर्वोच्च मानला जाणारा साय यंग पुरस्कार मात्र त्याला कधीच मिळाला नाही; तीन वेळा तो दुसरा आला.

कमाईच्या आकड्यात काय काय येतं, हे कळायला त्याचे शेवटचे दोन करार बघावेत. नोव्हेंबर २००३ मध्ये बोस्टन रेड सॉक्सला तो हवा होता. शिलिंगने एजंट ठेवलाच नव्हता, वाटाघाटी तो स्वतः करत होता. बोस्टनचा तरुण व्यवस्थापक थिओ एपस्टीन ॲरिझोनात त्याच्या घरी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बसला आणि तिथेच सौदा जुळला. एजंटचं कमिशन वाचलं, म्हणजे तेवढ्याच करारातून हातात थोडे जास्त आले. कमाईच्या आकड्यात हा फरक कुठेच दिसत नाही. दुसरा करार २००८ चा, ८० लाख डॉलरचा. त्या वर्षी खांद्याने दगा दिला आणि शिलिंगने एकही चेंडू टाकला नाही. पैसे तरीही मिळाले, कारण बेसबॉलमधले करार सहसा हमीचे असतात. मार्च २००९ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

आता संपत्तीकडे वळू. संपत्ती म्हणजे आज जवळ जे आहे त्यातून देणं वजा करून उरतं ते. नोकरदाराला हे वेगळं सांगायला नको: पॅकेज बारा लाखांचं असतं, पण महिन्याच्या शेवटी खात्यात काय उरतं ते घरच्यांनाच ठाऊक. अमेरिकेत बड्या पगाराच्या वरच्या टप्प्यावर केंद्राचा आयकर शिलिंगच्या काळात ३५ ते जवळजवळ ४० टक्के होता. शिवाय ज्या ज्या राज्यात सामना, तिथल्या बहुतेक राज्यांचा कर वेगळा. घरखर्च वगैरे धरला तर ११ कोटींतले निम्मेच हातात राहिले असतील, असा माझा अंदाज आहे. तो अंदाजच आहे, कारण खाजगी माणसाच्या संपत्तीचा हिशेब कुठेही छापून येत नाही. म्हणूनच 'अमुक खेळाडूची संपत्ती इतके कोटी' असा ठाम आकडा देणाऱ्या पानांवर माझा विश्वास बसत नाही. कमाई मोजता येते. संपत्ती बाहेरून कळते ती एकाच प्रसंगी, माणूस कोर्टाची पायरी चढतो तेव्हा.

शिलिंगच्या बाबतीत तसंच झालं. त्याला व्हिडिओ गेमचं वेड होतं. खेळत असतानाच, २००६ मध्ये त्याने गेमची कंपनी काढली आणि पुढे आपल्या जर्सीच्या क्रमांकावरून तिचं नाव ठेवलं, '३८ स्टुडिओज'. हजारो लोक एकाच वेळी ऑनलाइन खेळतील असं एक प्रचंड कल्पित जग उभं करायचं होतं. २०१० मध्ये रोड आयलंड राज्याने कंपनी आपल्याकडे यावी म्हणून ७ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जाची हमी घेतली. शिलिंगने स्वतःचे, त्याच्याच सांगण्यानुसार, ५ कोटींहून जास्त घातले. वरचा माझा अंदाज खरा धरला तर वीस वर्षांच्या खेळातून हातात आलेलं जवळजवळ सगळंच त्याने एका डावावर लावलं.

फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीचा एक गेम बाजारात आला, 'किंग्डम्स ऑफ अमालूर: रेकनिंग'. पहिल्या तीन महिन्यांत त्याच्या बारा लाखांवर प्रती खपल्या, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप होता तो मोठा ऑनलाइन गेम कधी आलाच नाही. मे महिन्यात राज्याला द्यायचा ११ लाख २५ हजार डॉलरचा हप्ता चुकला, पगार थांबले आणि २४ मे रोजी सगळ्या, म्हणजे सुमारे ४०० कर्मचाऱ्यांना एकाच दिवशी कामावरून काढलं. जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. त्यात कंपनीचं देणं १५ कोटी डॉलरवर होतं आणि मालमत्ता २ कोटी १७ लाखांची.

इथे आणखी एक गल्लत होते. दिवाळखोरी कंपनीची झाली, शिलिंगची नाही. पण त्याने काही कर्जांना वैयक्तिक हमी दिली होती आणि तारण म्हणून ठेवलेल्या वस्तूंत एक मोजा होता.

मोज्याची गोष्ट थांबून सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये शिलिंगच्या उजव्या घोट्याजवळचा स्नायूबंध जागेवरून सटकत होता. उजव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर त्याच पायाने जोर देतो. संघाचे डॉक्टर बिल मॉर्गन यांनी घोट्याजवळची कातडी आतल्या ऊतींना टाके घालून जखडली, म्हणजे स्नायूबंधाला बांध पडेल. अशी शस्त्रक्रिया कोणी केलेली नव्हती, म्हणून आधी मृतदेहावर करून पाहिली. १९ ऑक्टोबरला न्यू यॉर्क यांकीजविरुद्ध तो सात डाव खेळला आणि एकच धाव दिली. टाक्यांतून रक्त झिरपून पांढरा मोजा लाल होताना सगळ्या अमेरिकेने टीव्हीवर पाहिला. पाच दिवसांनी वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात पुन्हा तेच, आणि ती सिरीज ८६ वर्षांनी बोस्टनने जिंकली. लोकांना आठवतो तो मोजा यांकीजविरुद्धचा. तो तिथेच फेकला गेला. कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात ठेवायला दिलेला मोजा वर्ल्ड सिरीजचा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो लिलावात ९२,६१३ डॉलरला विकला गेला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफील्डच्या घरातलं सामानही विक्रीला निघालं.

घराविषयी बोलायचं तर शिलिंगच्या आयुष्यातला हाच भाग मला सर्वांत जवळचा वाटतो. त्याचे वडील क्लिफ १९८८ च्या सुरुवातीला गेले, मुलाचा पहिला सामना त्यांना बघायला मिळाला नाही. शिलिंग सुरुवातीचा पिचर म्हणून उतरायचा तेव्हा वडिलांसाठी एक तिकीट काढून ठेवायचा. ती खुर्ची रिकामी राहायची. १९९२ मध्ये त्याचं शोंडाशी लग्न झालं. चार मुलं. पहिल्या मुलाचं नाव लू गेहरिग या जुन्या खेळाडूवरून ठेवलं, कारण ज्या आजाराने गेहरिग गेला त्या 'एएलएस' या मज्जासंस्थेच्या आजारासाठी हे दांपत्य वर्षानुवर्षं पैसे उभे करत होतं. २००१ मध्ये शोंडाला त्वचेचा कर्करोग झाला. त्यातून उठल्यावर तिने उन्हापासून त्वचा जपण्याबद्दल मुलांना शिकवणारी संस्था काढली. २०१४ मध्ये शिलिंगलाही तोंडाचा कर्करोग झाला. अनेक वर्षं तंबाखू चघळल्याचा तो परिणाम आहे, असं त्याने उघडपणे सांगितलं. कंपनी बुडाल्यानंतर दोन वर्षांत हे. कमाईच्या तक्त्यात यातलं काही येत नाही, पण घरातला पैसा कुठे जातो आणि कशासाठी राखावा लागतो, हे ठरतं ते इथेच.

त्याच पिढीतला दुसरा पिचर ब्रेट सेबरहेगन याचा व्यवहार उलट्या दिशेचा आहे. त्याच्या करारातला काही पैसा न्यू यॉर्क मेट्सने पुढे ढकलला आणि २००४ पासून २५ वर्षं, दरवर्षी अडीच लाख डॉलर द्यायचं ठरलं. त्याने शेवटचा चेंडू २००१ मध्ये टाकला, पण हप्ते २०२८ पर्यंत येत राहणार. दोघांची कारकिर्दीची कमाई शेजारी मांडली तर शिलिंगचा आकडा कितीतरी मोठा दिसेल. घरात रोख कोणाच्या येते, हे त्यावरून कळणार नाही.

शिलिंगने पुढे ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर समालोचन केलं. २०१६ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टमुळे ती नोकरी गेली. हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी झालेल्या २०२१ च्या मतदानात त्याला ७१.१ टक्के मतं पडली, लागतात ७५. त्याच्या जाहीर वक्तव्यांनी मतं घालवली, असं बहुतेकांचं म्हणणं आहे आणि मलाही तेच कारण पटतं.

रोड आयलंडने कंपनीशी संबंधित अनेकांवर दावे लावले. शिलिंग आणि आणखी तीन अधिकाऱ्यांशी २०१६ मध्ये २५ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि ती रक्कम विमा कंपनीने भरली. शिलिंगने घातलेले ५ कोटी बुडाले हे खरं, पण तो पैसा त्याचा होता आणि डाव त्याने स्वतः मांडला होता. मे २०१२ चा पगार न मिळालेल्या लोकांनी कोणताच डाव मांडला नव्हता. रोड आयलंडमध्ये येऊन राहिलेल्यांत घरकर्जं फेडणारे होते, लहान मुलांचे आईबाप होते. २०२१ मध्ये, नऊ वर्षांनी, त्यांना कळवण्यात आलं, की थकलेल्या पगाराचा थोडासा हिस्सा आता मिळेल.